दुकानात ‘नाही’, अकराव्या महिन्यात ‘हो’: एका लॅपटॉपच्या वाढीव वॉरंटीचं प्रकरण

प्रकरण माझ्या थोरल्या बहिणीचं आहे. ती घरून सबटायटलचं काम करते. व्हिडिओ ऐकायचा, वेळेच्या खुणा टाकायच्या, मजकूर बसवायचा आणि ठरलेल्या तासाला फाइल पाठवायची. लॅपटॉप बंद पडला की तिची कमाई थांबते. नवा लॅपटॉप निवडून झाला होता, बिल तेवढं करायचं होतं. तेव्हा विक्रेत्याने एक छापील तक्ता तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाला, “मॅडम, हे घेतलंत की तीन वर्षं बघायला नको.”

तिने दुकानातूनच मला फोन केला. “घेऊ का रे? तो म्हणतोय आत्ताच घ्यावं लागेल.”

मी तिला तक्त्याचा आणि मागच्या बाजूच्या अटींचा फोटो पाठवायला सांगितलं. अटींचा फोटो मिळवायला तिला जरा हट्ट करावा लागला, कारण अटी काउंटरवर नव्हत्या, आतल्या कपाटात होत्या.

पुढे जे आकडे येतात ते लॅपटॉपची किंमत १०० धरून दिले आहेत. प्रत्यक्ष भाव ब्रँडनुसार आणि जागेनुसार बदलतात, पण प्रमाणं साधारण अशीच दिसतात. खोक्यासोबत आलेली उत्पादकाची वॉरंटी एका वर्षाची होती आणि ‘कॅरी-इन’ प्रकारची, म्हणजे बिघडलं तर यंत्र आपणच सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यायचं. त्यावर दुकानाची योजना होती, आणखी दोन वर्षांची, १४ ला. अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं, तीन वर्षांचं, १५ ला. दोन्ही मिळून २९. लॅपटॉपच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम ती बिलात वाढवायला निघाली होती, आणि त्याला कारण होतं. तिचा आधीचा लॅपटॉप वॉरंटी संपल्यावर थोड्याच दिवसांत मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) जाऊन बंद पडला होता. त्याच्या आधीच्यावर भाच्याने पाण्याचा पेला उपडा केला होता. दुधाने पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं, यात तिचं काही चुकत नव्हतं.

आधी कागद

लोक अशा वेळी विचारतात, “बिघडण्याची शक्यता किती?” त्याआधी विचारायचा प्रश्न असा की, बिघडलं तर पैसे देणार कोण आणि किती.

दुकानाची योजना दुकानाचीही नव्हती आणि लॅपटॉपच्या उत्पादकाचीही नव्हती. ती तिसऱ्याच एका कंपनीची होती. दुकान फक्त विकणार, क्लेम त्या कंपनीकडे करायचा आणि दुरुस्ती ती सांगेल तिथे व्हायची. यात गैर काही नाही, पण ‘आमच्याकडे घेऊन या, आम्ही बघतो’ हे विक्रेत्याचं वाक्य कागदावर कुठेच नव्हतं.

अटींमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ मधेच कुठेतरी होती: दुसऱ्या वर्षी जास्तीत जास्त भरपाई बिलाच्या ७० टक्के, तिसऱ्या वर्षी ५० टक्के. दुरुस्तीचा खर्च त्यावर गेला तर दुरुस्ती नाही, तेवढ्या रकमेचं कूपन, आणि तेही त्याच दुकानात वापरायचं. बॅटरी वगळलेली. ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज’ वगळलेली. आता बिजागरी सैल झाली, कीबोर्डची एखादी कळ बसली, चार्जिंगचं भोक ढिलं झालं, तर ती झीज की बिघाड? ते ठरवणार योजना विकणारेच. बसवलेले सुटे भाग नवे असतील किंवा ‘पुन्हा तयार केलेले’ असतील. आणि डेटाची जबाबदारी कुणाचीच नाही. हे शेवटचं मात्र जवळपास प्रत्येक वॉरंटीत असतं, उत्पादकाच्याही.

अपघाती संरक्षणाच्या अटी आणखी जाचक होत्या. वर्षातून एकच घटना, प्रत्येक क्लेममागे ठरावीक रक्कम आपल्या खिशातून, आणि चोरी किंवा हरवणं यात येत नाही. मुदत बिलाच्या तारखेपासून मोजायची. हे मुदतीचं कलम नीट वाचावं लागतं. काही योजना उत्पादकाची वॉरंटी संपल्यावर सुरू होतात, काही बिलाच्या दिवसापासून. बिघाडाची वाढीव वॉरंटी बिलाच्या दिवसापासून मोजली तर पहिल्या वर्षाचे पैसे फुकट जातात, कारण ते वर्ष उत्पादकाने आधीच दिलेलं असतं. अपघाताचं तसं नाही, कारण साधी वॉरंटी सांडलेलं पाणी आणि फुटलेली स्क्रीन पहिल्या दिवसापासूनच नाकारते.

शिवाय आपल्या देशाचा कायदा काय देतो तेही पाहायला हवं. युरोपीय संघात नव्या वस्तूतल्या मूळ दोषासाठी विक्रेता किमान दोन वर्षं जबाबदार असतो, उत्पादकाच्या पत्रकावर काहीही छापलेलं असो. तिथे ‘दुसरं वर्ष’ विकत घेणारा बराचसा आपलाच हक्क विकत घेत असतो. काही क्रेडिट कार्डंही खरेदीवर वॉरंटी वाढवून देतात. ताईचं कार्ड तसं नव्हतं, त्यामुळे तो मुद्दा तिथेच संपला.

हिशेब

लॅपटॉप किती बिघडतात यावर लोकांनी सर्रास वापरलेला आकडा २००९ सालचा आहे. स्क्वेअरट्रेड या कंपनीने स्वतःच्या योजनेतल्या सुमारे ३०,००० लॅपटॉपांची नोंद तपासली. तीन वर्षांत ३१ टक्के लॅपटॉप कामातून गेले होते. या ३१ पैकी साधारण २० यंत्रातल्याच बिघाडाने आणि ११ अपघाताने. ही कंपनी वॉरंटी विकणारी, तेव्हा आकडा मोठा दिसण्यात तिचं हित होतं, हे लक्षात ठेवून तो वापरायचा. आणि तो फिरत्या हार्ड डिस्कच्या काळातला आहे. आता बहुतेक लॅपटॉपांत एसएसडी (हलता भाग नसलेली डिस्क) असते, म्हणजे धक्क्याने मरणारा एक भाग कमी झाला. दुसरीकडे, आता रॅम आणि कधीकधी स्टोरेजही मदरबोर्डवर कायमचं झाळलेलं असतं, त्यामुळे छोटा बिघाड मोठ्या बिलात जातो. मी दोन्ही बाजू एकमेकींत वळत्या केल्या आणि जुनाच आकडा धरला.

तीन वर्षांतल्या २० पैकी काही बिघाड पहिल्या वर्षात येतात. नव्या यंत्रातले कच्चे भाग लवकर उघडे पडतात, मग काही काळ शांत जातो आणि म्हातारपणी बिघाड पुन्हा वाढतात. पहिलं वर्ष झाकलेलं आहेच. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी मी १५ टक्के धरले. दुरुस्तीचा खर्च? चार्जर ४, कीबोर्ड ८ ते १०, स्क्रीन २० ते २५, मदरबोर्ड ५० च्या आसपास. सगळ्यांची मिळून सरासरी २५ धरली.

१५ टक्के गुणिले २५ म्हणजे पावणेचार. त्यासाठी मागितले जात होते १४.

माझा अंदाज दुपटीने चुकला तरी साडेसात. १४ वसूल व्हायला बिघाडाची शक्यता ५६ टक्के हवी. फक्त मदरबोर्डची भीती असेल तरी २८ टक्के हवी, म्हणजे दर चार लॅपटॉपांमागे एकाहून जास्त मदरबोर्ड दोन वर्षांत जायला हवेत. इतका वाईट लॅपटॉप असेल तर तो घेऊच नये.

आणखी एक गोष्ट हिशेबात येत नाही म्हणून लोक घाबरतात. तिसऱ्या वर्षी मदरबोर्ड गेला तर नुकसान ५० चं होत नाही. तोवर लॅपटॉपच ४० चा उरलेला असतो. चाळीसच्या वस्तूवर पन्नास कुणी खर्च करत नाही, तो दुसरा घेतो. म्हणजे जास्तीत जास्त नुकसान त्या वेळच्या किमतीएवढंच आणि ते दर महिन्याला कमी होत जातं. वाढीव वॉरंटीचे पैसे मात्र आज, आणि पूर्ण द्यायचे.

मग विमा घ्यायचाच नाही का? घर जळालं किंवा मोठं आजारपण आलं तर माणूस उठू शकत नाही. तिथे सरासरीपेक्षा जास्त पैसे भरूनही विमा घेण्यात शहाणपण आहे. लॅपटॉप गेला तर चरफड होते, एखादा महिना ओढाताण होते. ज्याच्यासाठी लॅपटॉपची किंमतच कर्जाने उभी राहिली आहे आणि दुसरी उभी राहणार नाही, त्याने मात्र माझा हा हिशेब जसाच्या तसा उचलू नये. त्याच्यासाठी हेच नुकसान मोठं आहे.

डेस्कटॉप असता तर ही चर्चा पाच मिनिटांत संपली असती. सुटे भाग घेऊन जोडलेल्या डेस्कटॉपमध्ये प्रत्येक भागाची वेगळी वॉरंटी असते: खोक्यातल्या प्रोसेसरला बहुधा तीन वर्षं, चांगल्या पॉवर सप्लायला पाच ते दहा, रॅमला बऱ्याचदा आजीवन. वर वाढीव काही घ्यायला जागाच उरत नाही.

खरी भीती वेगळी होती

हे आकडे मी ताईला सांगितले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पैशांचं कळलं रे. पण मधल्या दिवसांत मी काम कशावर करू?”

तिची भीती काम अडण्याची होती, दुरुस्तीच्या बिलाची फारशी नव्हती. दुकानाच्या योजनेत त्याला काहीच उत्तर नव्हतं. यंत्र द्यायचं, तपासणी, मंजुरी, भाग मागवणं, दुरुस्ती, परत. तोवर बदली लॅपटॉप मिळत नाही. उत्पादकाकडे ‘ऑनसाइट’ असा प्रकार असतो, त्यात तंत्रज्ञ घरी येतो. जाहिरातीत ‘पुढच्या कामकाजाच्या दिवशी’ असं लिहिलेलं असतं. अटींत ते फोनवरची तपासणी पूर्ण झाल्यानंतर आणि भाग उपलब्ध असल्यास असतं. तरी यंत्र घरातून जात नाही, हा फायदा खरा.

मी सुचवलं ते असं. माझ्याकडे एक जुना डेस्कटॉप पडून होता. त्यात एसएसडी आणि जास्तीची रॅम टाकली की सबटायटलच्या कामाला तो पुरेसा होता. खर्च ७. लॅपटॉप गेला तरी त्याच संध्याकाळी काम सुरू, कारण फाइलींचा बॅकअप ती आधीपासून रोज घेते. (बॅकअप नसेल तर वॉरंटीचा विचार नंतर करावा. कुठलीही योजना मेलेल्या डिस्कमधला डेटा परत देत नाही.)

अपघाताचं प्रकरण जरा अवघड होतं. सरासरी माणसासाठी १५ ही किंमत महाग आहे. तीन वर्षांत ११ टक्के अपघात, पाणी सांडून मदरबोर्ड गेला असं सगळ्यात वाईट धरलं तरी साडेपाच. पण ताई सरासरी नाही. त्याच टेबलावर भाचा गृहपाठ करतो, एक लॅपटॉप त्याने आधीच बुडवलाय. अपघाती संरक्षण अशाच घरांना परवडतं, आणि म्हणूनच ते महाग असतं. निष्काळजी माणसं ते घेतात, काळजीवाल्यांकडून त्यांचे पैसे निघतात. तिच्यासाठी शक्यता दुपटीने धरली तर आकडा ११ वर जातो. क्लेममागचा खिशातला खर्च धरल्यावरही घेण्याचा विचार करावा, इतपत जवळ.

त्यावर तोडगा मात्र फार साधा निघाला. लॅपटॉप स्टँडवर उंच ठेवायचा आणि टायपिंग बाहेरच्या कीबोर्डवर करायचं. पाणी सांडलं तर कीबोर्डवर सांडेल. कीबोर्ड आणि स्टँड मिळून ३. मानही दुखायची थांबली, पण तो वेगळा विषय.

दुकानात नाही

विक्रेत्याचा शेवटचा मुद्दा होता, “आत्ता नाही घेतलं तर नंतर मिळणार नाही.” त्याच्या योजनेबाबत ते खरं असेल. उत्पादकाबाबत नव्हतं. बहुतेक मोठे उत्पादक मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत ती वाढवू देतात. काहींची खिडकी फार लहान असते, काही वेळा नंतर भाव चढतो, म्हणून संकेतस्थळावर जाऊन मॉडेलप्रमाणे पाहावं लागतं. ताईच्या मॉडेलला पहिलं वर्ष संपेपर्यंत मुभा होती: कॅरी-इन दोन वर्षं ९ ला, ऑनसाइट १२ ला. दुकानातल्या तिसऱ्या कंपनीच्या १४ पेक्षा दोन्ही स्वस्त, आणि ७०-५० टक्क्यांची मर्यादाही नाही.

काउंटरवरच्या घाईचा अनुभव जगभर सारखाच आहे. ब्रिटनमध्ये घरगुती विजेच्या उपकरणांवरच्या वाढीव वॉरंटीच्या धंद्याची स्पर्धा आयोगाने चौकशी केली, २००३ मध्ये अहवाल आला आणि २००५ पासून नियम लागू झाले. विक्रेत्याने भाव लेखी द्यायचा, तोच भाव ३० दिवस खुला ठेवायचा, आणि योजना घेतली तरी ४५ दिवसांत रद्द करून ग्राहकाला सगळे पैसे परत मिळायचे, मधे क्लेम केला नसेल तर. ग्राहकाला विचार करायला वेळ सरकारला मिळवून द्यावा लागला, यावरून घाई कुणाच्या फायद्याची होती ते कळतं.

थांबण्याने आणखी एक मिळतं, आणि माझ्या मते या प्रकरणातला कळीचा मुद्दा तोच आहे. पहिल्या दिवशी आपल्याला फक्त सरासरी ठाऊक असते. अकराव्या महिन्यात आपलं यंत्र ठाऊक असतं, आणि त्या मॉडेलच्या इतर मालकांच्या तक्रारीही बाहेर आलेल्या असतात. लॅपटॉपचे मोठे दोष बहुतेकदा मॉडेलचे असतात. २००८ मध्ये चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने मान्य केलं की लॅपटॉपमधल्या तिच्या काही ग्राफिक्स चिप्स अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होत आहेत, आणि त्यासाठी मोठी रक्कम बाजूला काढली. त्या चिप्स तापून-गार होऊन हळूहळू जायच्या, म्हणजे पहिलं वर्ष सहज निघून जायचं. ॲपलच्या कळा अडकणाऱ्या ‘बटरफ्लाय’ कीबोर्डचं उलट झालं. ओरड इतकी वाढली की जून २०१८ मध्ये कंपनीने ठरावीक मॉडेलांना खरेदीपासून चार वर्षं मोफत दुरुस्ती जाहीर केली. पण असा मोफत कार्यक्रम येईलच यावर कुणी विसंबू नये.

ताईने दुकानात काहीच घेतलं नाही. जे २९ ती बिलात भरणार होती ते तिने वेगळ्या खात्यात टाकले. डेस्कटॉपचे ७ आणि स्टँड-कीबोर्डचे ३ त्यातूनच गेले. उरले १९. उत्पादकाच्या संकेतस्थळावर यंत्राची नोंदणी केली, बिलाचा फोटो काढून ठेवला (थर्मल कागदावरचं बिल हळूहळू पुसट होतं) आणि वॉरंटी संपण्याच्या महिनाभर आधीची तारीख फोनमध्ये लावली.

अकराव्या महिन्यात हो

वर्षाच्या उत्तरार्धात झाकण उघडताना उजवीकडून कट्ट आवाज यायला लागला. बिजागरी घट्ट होती आणि तिचे स्क्रू खालच्या प्लास्टिकमधून उपटून येत होते. वॉरंटीत होतं. यंत्र सर्व्हिस सेंटरला गेलं, ताईने डेस्कटॉपवर काम केलं, एकही फाइल उशिरा गेली नाही. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने आधी तोंडी ‘वापराने होतं असं’ म्हटलं होतं. ताईने जॉबशीटवर (दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर) ‘निर्मितीतला दोष’ असं लिहून घेतल्याशिवाय यंत्र परत घेतलं नाही. हा कागद पुढे मोलाचा ठरणार होता, कारण उद्या तेच पुन्हा झालं तर झीज की दोष हा वाद आधीच मिटलेला असेल.

तारीख वाजली तेव्हा हिशेब पुन्हा मांडला. त्या मॉडेलच्या बिजागरीबद्दल एव्हाना बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. दुरुस्तीत तोच भाग, तसाच प्लास्टिकचा, पुन्हा बसवला होता. पुढच्या दोन वर्षांत तो पुन्हा तुटण्याची शक्यता मी ३५ टक्के धरली. खालचा भाग, बिजागरी आणि ताणून तुटलेली स्क्रीनची केबल मिळून खर्च २५. म्हणजे पावणेनऊ. त्यात इतर बिघाडांचे पावणेचार मिळवले तर साडेबारा. दुकानात जी गोष्ट पावणेचारची होती ती आता साडेबाराची झाली होती, आणि उत्पादक ती ९ ला देत होता. घ्यायचं हे उघड होतं.

कुठलं, यावर मात्र आमचं जमलं नाही. माझं म्हणणं, ९ चं कॅरी-इन पुरे, डेस्कटॉप आहेच. तिने १२ चं ऑनसाइट घेतलं. “प्रदर्शित न झालेले व्हिडिओ असतात माझ्याकडे. करारात लिहिलंय, दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाहीत. यंत्र कुणाच्या तरी टेबलावर आठवडाभर पडणार, ते नको मला.” डिस्क लॉक असली तरी दुरुस्तीवाले पासवर्ड मागतात, हे तिने सर्व्हिस सेंटरला पाहिलं होतं. वरचे ३ कुठल्याही टक्केवारीत बसत नाहीत, पण कारण खरं आहे. मी पुढे वाद घातला नाही.

१९ मधून १२ गेले, उरले ७. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला बॅटरी दमली. लॅपटॉपच्या अनेक बॅटऱ्या ३०० ते ५०० पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येतात आणि तिची तिथेच पोचली होती. वाढीव वॉरंटीत ती बसत नव्हती, दुकानाच्या योजनेतही बसली नसती. खात्यातले ५ तिकडे गेले. बिजागरी या मजकुरापर्यंत तरी टिकून आहे. उरलेले २ ताईने चार्जरच्या नावाने ठेवलेत आणि ते पुरणार नाहीत, कारण त्याची वायर प्लगपाशी उसवायला लागलीय, आणि वायरीची झीज कुठल्याच कागदात बसत नाही.